बारावा हात

“...मग चूक कुणाची, बाबा? तुम्हीच सांगा.”

हरेश्वर कुबल कासमबाबांना विचारत होता. खाडीच्या तोंडाशी या फकीरबाबांची झोपडी. बसायला एकच चटई, आणि ती हरेश्वरने आल्या आल्या पटकावली होती. बाबा वाळूत, आणि हरेश्वरबरोबर जाळं ओढणारे आम्ही तिघेही. कॉलेज शिकलेला माणूस, कोण बोलणार त्याला!

“आधी मालक होता,” तो सांगू लागला. “रापणीचं जाळं त्याचं, होडी त्याची, निम्मी मासळी त्याची. आम्ही त्याला घालवला. रापण गावाची केली. जाळं ओढणारे बाराजण, वाटे बारा, सगळे सारखे. आजारी पडेल त्याचाही वाटा घरपोच. आमच्यात मालक नाही, होडीचा म्होरक्या तांडेलही नाही. कुणी कुणाला हुकूम करायचा नाही.”

“चांगलं केलंत,” बाबा म्हणाले. “फार चांगलं केलंत.”

मनापासून म्हणाले ते. मालकाच्या काळातली उपाशी पोरं त्यांनी पाहिली होती.

“बाराही हात वर झाल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही, बाबा. एक हात खाली राहिला तरी होडी वाळूवरच. असा कायदा कुठे असतो का?”

“आणि त्या दिवशी?”

हरेश्वरचा आवाज उतरला.

“आठ दिवस मासळी नव्हती. अकरा हात वर झाले. सोनू मेतर म्हणाला, ‘वारो बरो नाय.’”

“मग?”

“मग काही नाही. आम्ही थांबलो.”

“त्याला काही बोललात?”

“एक अक्षर नाही! कुणी शिवी दिली नाही, कुणी दम दिला नाही. नुसते बसून राहिलो. शेवटी त्यानेच हात वर केला. आपणहून. होडीतही आपणहून चढला.”

होडी उलटली. होडीतले बाकीचे तिघे पोहून आले. सोनूचा देह तिसऱ्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्याला लागला. आम्हीच त्याला उचलून आणलं होतं.

“त्याची बायको, शेवंती... दारातच बसलेली असते. येईल-जाईल त्याला एकच विचारते, ‘तेका कोणी धाडल्यान?’ काय सांगू तिला? खरंच कुणीच धाडलं नव्हतं, बाबा. मालक असता तर त्याच्याकडे बोट तरी दाखवलं असतं.”

बाबा नुसते हरेश्वरकडे पाहत राहिले.

आम्हीही पाहू लागलो. का, ते सांगता येणार नाही. बाबा पाहत होते म्हणून पाहिलं, झालं.

...

हरेश्वरने घसा खाकरला. सदऱ्याचं बटण चाचपलं. आमच्याकडे पाहिलं, मग खाली चटईकडे पाहिलं. हळूच उठला आणि वाळूत येऊन बसला.

“तुला ऊठ म्हणालो मी?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“यांच्यापैकी कुणी म्हणालं?”

“नाही.”

“मग?”

हरेश्वर ढसाढसा रडू लागला. त्या दिवशी सोनूकडे मीही असंच पाहिलं होतं.

“सोनूने... हात वर करण्याआधी माझ्याकडे पाहिलं होतं, बाबा. अकराजणांत माझ्याचकडे. मी नजर काढली नाही.”

...

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले. उठून उभा राहिला.

“उद्या जातो शेवंतीवहिनीकडे. आम्ही बाराजण... अकराजण जातो. सगळे मिळून माफी मागतो तिची.”

बाबा म्हणाले, “एकटा जा.”