तळ्यातली भिंगरी

ज्या काळी पाखरं दरसाल तळ्यात पोहण्याची शर्यत लावत, त्या काळातली ही गोष्ट. भिंगरी ही बदकाची पोर. पण तिचं अंडं उबवलं होतं तांबडी नावाच्या खुडूक कोंबडीनं. भिंगरी सुसाट पोहायची.

शर्यत जवळ आली तसा बदकांचा सरपंच आला. "रक्त आमचं, पाय आमचे. तू आमच्याकडूनच उतरायचं."

"आणि ऊब कुणाची हो, सरपंच?" कोंबड्या कलकलल्या.

भिंगरीनं सरपंचाला विचारलं, "मी हरले तर?"

"तर पुढच्या साली दुसरी कुणी बघू."

मग ती तांबडीकडे वळली. "आई, हरले तर?"

"हरलीस तर रेंगाळू नकोस. गारठली असशील, थेट पंखाखाली ये."

भिंगरी कोंबड्यांकडून उतरली आणि तिसरी आली. बदकं फिदीफिदी हसली. कोंबड्यांनी मात्र काठ डोक्यावर घेतला. त्यांच्या सात पिढ्यांत तळ्यात कुणाचा नंबर आला नव्हता!

भिंगरी काठाशी पोचली तरी तांबडी ओरडतच होती. पाण्याला जन्मभर भ्यालेली ती कोंबडी गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.