कांबळ्याच्या हाकेला ओ

पाहुणे, पाणी प्यायचं असेल तर इथंच प्या आणि जरा टेका. समोर तो एका खांद्यावर कललेला डोंगर दिसतो ना, त्याला आम्ही कांबळ्याचा दांड म्हणतो. त्याच्या पोटाशी हिरड्या-जांभळीचं दाट रान आहे आणि तुमची वाट त्याच रानातून वर जाते. आमच्या गेळवाडीची एक रीत आहे. त्या रानात एकट्यानं शिरायचं नाही. नुसतं जोडीनं गेलेलंही चालत नाही. जोडीत एक मानणारा लागतो आणि एक न मानणारा. कांबळ्या खरंच आहे असं मानणारा, आणि असलं काही नसतं म्हणणारा. तुमच्यात दोन्ही असतील तर बरंच झालं. नसतील तर वाडीतून एखादा देतो, दोन्ही तऱ्हेचे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

या ताई हसल्या. हसा, आमच्या सुनाही हसतात. मी हैबती डामसे, जन्म सगळा इथलाच. मी काही पाहिलेलं नाही. चुलत्यानं मला सांगितलं, त्याला त्याच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, तसंच तुम्हाला सांगतो.

फार जुनी गोष्ट. तेव्हा घाटाखाली उतरायला वाट नव्हती आणि रान पार वाडीच्या कुडापर्यंत आलेलं होतं. त्या रानात कांबळ्या राहतो, असं सगळे मानत. माणसापेक्षा हातभर उंच, दोन पायांवर चालणारा, आणि अंगावरचे केस भिजल्या कांबळ्यासारखे गुडघ्यापर्यंत लोंबणारे. म्हणून कांबळ्या. तोंड कुणी पाहिलं नव्हतं, कारण तो नेहमी पाठमोराच दिसे म्हणे. पण त्याची हाळी सगळ्यांनी ऐकलेली होती. मधूनच केव्हातरी डोंगरातून लांबलचक 'हूऽऽऽ' असा आवाज येई. तो आला की बाया चुली विझवत, दारं लावून घेत, पोरांच्या तोंडावर हात ठेवत. कांबळ्या हाका मारतो तो माणूस न्यायला, आणि ओ देईल त्याला तो नेतो, असा समज होता. ज्याला नेलं त्याला शोधायला जायचं नाही. गेलं तर त्याच्या मागोमाग कांबळ्या वाडीत येतो आणि मग घरंच्या घरं बसतात, असं म्हणत.

या वाडीत बुधा नावाचा एक तरणा गडी होता. चैत्रात तो हिरडा गोळा करायला रानात गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी डोंगरातून हाळी आली. त्याच्या पुढच्या दिवशीही आली. वाडीनं दारं लावली आणि बुधाला कांबळ्यानं नेलं असं धरून चालली.

बुधाची बायको जनी, तिला लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आणि थोरली बहीण ठकू, ती वाडीतच दिलेली होती. ही ठकू लहानपणापासून जरा आडव्या डोक्याची. भगतानं अंगारा दिला की ती आधी त्याचा वास घेऊन बघायची, असं सांगतात. कांबळ्याबद्दल ती उघड म्हणायची, "ज्यानं बघितलाय त्यानं मला आणून दाखवावा."

हाळी काही थांबेना, तेव्हा जाणत्यांनी ठरवलं की बुधाचं सुतक धरायचं आणि जनीच्या बांगड्या फोडायच्या. बाया जमल्या. एकीनं जनीचा हात धरून दगडावर ठेवला. जनी रडतही नव्हती, नुसती दगडाकडे बघत होती. ठकू गर्दीतून पुढं आली आणि तिनं जनीचं मनगट आपल्या मुठीत घेतलं.

"फोडायच्या न्हाईत," ती म्हणाली. "मढं दाखवा, मग फोडा."

"कांबळ्यानं नेलेल्याचं मढं मिळतं व्हय?" कुणीतरी म्हणालं.

"मग मी जाते बघायला."

एकच गलका झाला. वाडीवर संकट आणतेस का, पोराबाळांचा तळतळाट घेतेस का, म्हणून तिचा नवराही ओरडला. शेवटी सगळ्यांनी नवसू भगताकडे पाहिलं. नवसू भगत म्हणजे त्या वेळचा सगळ्यात मानाचा माणूस. रानाच्या वेशीवर कांबळ्याला निवद तोच ठेवी. रानात कुठवर जायचं आणि कुठून मागं फिरायचं, हेही त्याच्याच शब्दावर चाले. त्यानं नाही म्हटलं असतं तर ठकूला घरात कोंडून ठेवली असती.

ठकू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "नवसूबाबा, खरं सांगा. तुमी बघितलाय का त्याला?"

म्हातारा म्हणाला, "न्हाई पोरी. ऐकलाय."

"इतकी वर्सं निवद ठेवताय. बघावासा न्हाई वाटला कधी?"

आता बघा, एवढ्या लोकांत भगताला असं विचारायचं म्हणजे केवढं धारिष्ट! पण नवसू रागावला नाही. त्याचा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला म्हणे. तो उठला, मुंडासं बांधलं, कोयता घेतला आणि म्हणाला, "वाटतं की. चल."

वाडीनं त्यांना बजावलं, की गेलात तर परत या वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही. तरी दोघं सकाळच्या उन्हात निघाली.

रानात नवसू पुढं आणि ठकू मागं. मध्येच त्यानं हात आडवा धरला. समोर शेवाळलेला, पाचोळ्यानं झाकलेला सपाट कातळ होता. "हे कांबळ्याचं अंगण. हितं पाय ठेवायचा न्हाई. ठेवला की तो खाली ओढतो," तो म्हणाला. ठकूला काही ते पटलं नाही. तिनं एक धोंडा उचलून त्या पाचोळ्यावर टाकला. पाचोळा फाटला, धोंडा आत गेला आणि कितीतरी वेळानं खोल कुठंतरी आपटल्याचा आवाज आला. कातळ नव्हताच तिथं, नुसती फट होती, आणि ठकू एकटी असती तर सरळ त्यावरून गेली असती. तिथून पुढं नवसू म्हणेल तिथं ती वळसा घालू लागली. मान्य मात्र केलं नाही.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा दोघं खिंडीपाशी पोचली. आणि तेवढ्यात हाळी आली. वाडीत ऐकू यायची त्याहून कितीतरी मोठी, जणू डोंगरच ओरडतोय. या खिंडीच्या पुढं नवसूच्या बापजाद्यांतलं कुणी गेलं नव्हतं. तो कातळाला धरून खाली बसला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

ठकू बसली नाही. भ्यायली तीही होती, पण तिला त्या आवाजाचं नवल वाटत होतं. हा आवाज सुरू होतो तेव्हा वेगळा असतो आणि संपताना वेगळा, असं तिला वाटलं. ती खिंड ओलांडून चार पावलं पुढं गेली, तिथल्या कपारीला तिनं कान लावला आणि वाट पाहत राहिली. पुन्हा हाळी आली. लांबून जे नुसतं 'हूऽऽऽ' होतं, ते इथं जवळून ऐकताना तुटक तुटक शब्द होते.

"अक्काऽऽ... कुनी हाय काऽऽ..."

ठकू किंचाळली, "बाबा! कांबळ्या मला अक्का म्हनतोय!"

नवसू उठून आला. त्यानंही कान लावला. ती कपार खाली एका गुहेत उतरत होती आणि खालचा आवाज वर येईपर्यंत फुगून डोंगराएवढा होत होता. हिरड्याच्या नादात खिंड ओलांडून गेलेला बुधा पाय घसरून आत पडला होता. ठकूनं भावाला ओ दिली आणि ती गारंबीची वेल तोडायला धावली. नवसू मात्र जागचा हलेना. ती चिडून मागं वळली, तर म्हातारा कपारीवर डोकं टेकवून हुंदके देत होता.

"माजा भाऊ," तो म्हणाला. "महादू. मी मिसरूड न फुटलेला होतो. तोबी असाच गेला. चार दिस हाळी येत होती पोरी. चार दिस. आमी दार लावून बसलो."

ठकू त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "बाबा, ह्यो अजून जित्ता हाय. चला."

वेलीला धरून नवसूच खाली उतरला, कारण कपारीतली झुडपं कोयत्यानं तोडत वाट करायची तर त्यालाच जमणार होतं. वर आणला तेव्हा बुधाचा पाय मोडलेला होता, ओठ फाटले होते, अंगात ताप होता. पण शुद्ध होती. नवसूनं पायाला बांबूच्या कांबी बांधल्या. आणि मग, असं सांगतात, त्यानं ठकूला खाली काय पाहिलं ते सांगितलं. बुधाच्या अंगावर वाळल्या गवताचा जाड थर होता, पांघरूण घालावं तसा. उशाशी करवंदांची ताजी डहाळी होती. आणि बुधाच्या मुठीत लांब, राठ, काळे केस होते.

"अस्वल असंल," ठकू म्हणाली.

"अस्वल मानसाला पांघरून घालतं? करवंदं आनून देतं?"

"करवंदं माकडानं टाकली असतील. गवत वाऱ्यानं आलं असंल."

"आनि ह्ये केस?"

"म्हनलं न्हाई का, अस्वल."

दोघांनी बुधाकडे पाहिलं. तो एवढंच म्हणाला, की रात्री थंडीनं जीव जात होता तेव्हा कुणीतरी जवळ येऊन बसायचं. अंगाला ऊब लागायची, भिजल्या कांबळ्यासारखा वास यायचा. तोंड दिसलं नाही.

"तापात व्हता त्यो," ठकू म्हणाली. पण जरा हळूच म्हणाली.

मग तिनं नवसूला उलटं विचारलं, "आनि तुमचा कांबळ्या तर मानसं नेनारा. ह्यानं तर जगवला. मग ह्यो तुमचा कांबळ्या कसा?" जन्मभर ज्याला निवद दिला तो कसा आहे, हे आपल्याला मुळीच माहीत नव्हतं, हे नवसूला त्या दिवशी कळलं.

बुधाला पाठीवर बांधून, आळीपाळीनं वाहत, दोघं वाद घालत डोंगर उतरली. फटीपाशी म्हातारा वळसा दाखवायचा आणि तो दमून इथंच थांबू म्हणाला की ठकू पुढं रेटायची. दिवस मावळायला वेशीवर आली. आत यायची बंदी होती, म्हणून तिथूनच हाका मारल्या. तिघांचे घसे सुकलेले, आवाज घोगरे. वाडीत काय ऐकू गेलं असेल ते तुम्हीच समजा. पटापट दारं लागली. चुली विझल्या. बुधा आपल्या घराच्या हाकेवर आला होता आणि आख्खी वाडी श्वास धरून बसली होती.

ठकू ओरडून ओरडून थकली. तिला नाही नाही ते बोलावंसं वाटलं. तिचं स्वतःचं दारही लागलेलं होतं.

जनीच्या घरात बायांनी तिला धरून ठेवलं होतं. हाळी पुन्हा आली. त्यात नवऱ्याचा आवाज तिला ओळखू आला का? चुलता म्हणायचा, ओळखू आला. माझी चुलती म्हणायची, मुळीच नाही, तिलाही तो कांबळ्याच वाटला होता आणि तरीही ती उठली. ती म्हणाली, "कांबळ्या असंल तर मला नेऊ दे. त्यानं नेलंय तिथंच माजा मानूस हाय." तिनं हात सोडवून घेतला, दार उघडलं आणि अंगणात येऊन मोठ्यानं ओ दिली. "ओऽऽ! आले!"

ती वेशीकडे पळत गेली. थोड्या वेळानं तिचं रडणं ऐकू आलं आणि त्यातच हसणं. मग एकेक दार उघडलं. सगळ्यात आधी ठकूच्या नवऱ्याचं, असं सांगतात, आणि तो मान खाली घालूनच आला. बंदीचा शब्द कुणी काढला नाही.

बुधाचा पाय वाकडाच जुळला, पण तो पुष्कळ जगला. नवसूनं त्यानंतर निवद बंद केला नाही. वेशीवर ठेवायचा तो आता खिंडीत कपारीपाशी जाऊन ठेवू लागला, आणि ठेवून झाला की दबा धरून बसायचा, बघायला. ठकू त्याच्यासोबत जायची, काही नाही हे दाखवायला. म्हातारा जाईपर्यंत दोघांचा वाद मिटला नाही. तो गेल्यावर ठकू एकटीच खिंडीत जाऊन बसे म्हणे. कुणी विचारलं, आता कुणासाठी जातेस, तर म्हणायची, "बघते. न्हाईच दिसनार. पर बघते." जोडीची रीत तिनंच घालून दिली. एकटा मानणारा खिंडीतून मागं फिरतो आणि एकटा न मानणारा फटीत जातो, असं ती सांगायची.

तुम्ही विचाराल, हैबतीबाबा, तुम्ही स्वतः कुठले? मी न मानणारा. माझी बायको मानणारी. म्हणून तर आमचं रानात जाणं होतं आणि घरात भांडणही.

आजही वारा फिरला की त्या डोंगरातून 'हूऽऽऽ' येतो. बहुतेक वेळा तो वाराच असतो, कपारीत शिरलेला. कधी अडकलेलं वासरू निघतं. एकदा तुमच्यासारखेच वाट चुकलेले दोघं निघाले. आणि कधी कधी काहीच सापडत नाही, नुसतं गवत दडपलेलं असतं, कुणी बसून गेल्यासारखं. पण गेळवाडीत हाळी आली की दार लागत नाही. हातातलं काम टाकून जो तो अंगणात येतो, वाडीभर एकच ओ उठते, "आलोऽऽ!" आणि पुन्हा हाळी येण्याची वाट न बघता दोघंजण चपला घालून निघालेले असतात.