सरकारांची दक्षिण आणि द्वारकाची डिश

"डिश बसव, पण तिचं तोंड दक्षिणेला दिसलं तर तुला शिडीसकट खाली उतरवीन," नरसिंगराव सरकारांनी बजावलं. द्वारका झोरे हातात पाना धरून गच्चीवर तशीच उभी राहिली.

डिश होती गावच्या दवाखान्यासाठी. डोंगराच्या कुशीत मोबाइलला रेंज नाही. बाळंतीण अडली, की डॉक्टरांना विचारायला नर्सबाई धापा टाकत टेकडी चढायच्या. म्हणून उपग्रहावरून इंटरनेट आणायचं ठरलं. पण गावभर फणसांची दाटी, मोकळं आभाळ दिसायचं ते सरकारांच्याच गच्चीवरून. सरकारांनी गच्ची दिली आणि वर ही अट घातली. दक्षिण म्हणजे यमाची दिशा! त्यांनी बंगल्याच्या तिकडच्या खिडक्यासुद्धा विटांनी बुजवल्या होत्या. आणि उपग्रह नेमका दक्षिणेच्या आभाळात. आधीचे दोन तंत्रज्ञ हात जोडून परत गेले होते.

द्वारका धनगराची लेक, आयटीआय शिकलेली. ती म्हणाली, "सरकार, उत्तरेला उपग्रहच नाही."

"मग बोलावून घे तिकडं. एवढी शिकलीस ना?"

"बोलावते की. पण निरोप धाडायलासुद्धा आधी डिशच लागते."

सरकार मिशीत हसले. "माझं जेवण होईपर्यंत वेळ दिला," म्हणत जिना उतरले.

द्वारका भिंतीला टेकवलेल्या डिशकडे बघत बसली. तिला ठाऊक होतं, ही डिश सरळ समोर बघणारी नाही. सिग्नल टिपणारा तिचा दांडा खालच्या कडेतून निघतो. तोंड खाली झुकलेलं असतं, पण नजर असते त्याहून बरीच वर. मग ही उलटी टांगली तर? नजर तिथंच ठेवायची आणि मान उचलायची!

तिनं डिश उलटी करून खांबावर चढवली. दांडा वर आला आणि तोंड थेट आभाळाकडे झालं. पण सिग्नलचं मीटर शून्यावरच. केसभर डावीकडे, तरी शून्य. खालून ताटं उचलल्याचा आवाज आला. तिनं डिश उजवीकडे जरा जास्त सरकवली आणि काटा उसळला. तिनं घाईनं नट आवळले, मॉडेममध्ये गावाचे अक्षांश-रेखांश आणि उपग्रहाचं नाव भरलं. दिवा बराच वेळ नारिंगी लुकलुकला आणि मग हिरवा होऊन थांबला. खाली शेजारच्या दवाखान्यातून नर्सबाईंची हाक आली, "डॉक्टर दिसतायत गं!"

सरकार वर आले. त्यांनी डिशभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"ही तर आभाळाकडं आ वासून पडलीय. पावसानं भरेल."

"तळाला भोक पाडलंय, सरकार."

"अस्सं. तोंड दक्षिणेला नाही, हे कबूल. मग हिला तिकडचा उपग्रह दिसतो कसा?"

"बोहल्यावर नवरी नवऱ्याकडं तोंड करून बसते का?" द्वारका पाना पुसत म्हणाली. "म्हणून काय तिला नवरा दिसत नाही? अट तोंडाची होती. नजरेचं तुम्ही काही बोलला नव्हता."

सरकार इतके हसले, की त्यांना कठडा धरावा लागला. डोळे पुसत त्यांनी खाली गड्याला हाक दिली, "अरे, गोठ्यातली ती पहिलारू म्हैस सोड. आणि झोऱ्यांच्या दारात नेऊन बांध!"