डोंगरमळ्याच्या वाइनचं प्रमाण

रजनी स्वतःच कबूल करायची, की तिच्याइतकी वेंधळी बाई अख्ख्या डोंगरावर सापडणार नाही. यंदा तिने दोन जातींच्या द्राक्षांची वाइन एकाच टाकीत ओतली आणि कुठली किती, हे टिपायलाच विसरली. वाइन झाली मात्र लालभडक, दमदार. गारपिटीनंतर उरलं होतं तेवढंच. ती खपली नाही तर डोंगरावरच्या वेली उपटायचं ठरलेलं होतं.

चार हॉटेलांनी नकार दिल्यावर पाचव्या हॉटेलातून वाइनचे जाणकार टिपणीससाहेब आले, नाक वर करून. एक घोट घेतला आणि गुरकावले, "मिश्रणाचं प्रमाण कागदावर दाखवा. नाहीतर मी चाललो."

रजनीकडे कागद नव्हताच. तरी ती गोड हसली. "आणते की! ज्यांना जिभेवर कळत नाही, ते सगळे कागदच मागतात. आणू?"

साहेब ताठ झाले. "काही गरज नाही! साठ-चाळीस आहे. सगळी घेतो, आणि दरवर्षी हीच पाहिजे." करारावर सही करून ते निघून गेले.

रजनी करार घेऊन टाकीकडे धावली. "वाचलो हो, भागूमामा!"

टाकी धुणारे भागूमामा मान वर न करता म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी हाच घोळ नेमका कसा घालायचा, तेवढं सांगा."