मुहूर्ताच्या राज्यातली इरावती

एका राज्यात मुहूर्त पाहिल्यावाचून चूलसुद्धा पेटत नसे. राजवाड्यासमोरच्या वडावर एक पिंगळा, लहानसे घुबड, बसे आणि माणसाच्या वाणीने शुभवेळ सांगे. वेळ मोजायला वडाखाली घटिकापात्र होते, बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर सोडली की हळूहळू भरे आणि बुडे.

तिथल्या मंत्रशाळेत इरावती शिकत होती. तिला तीन विद्या साधायच्या होत्या: विझलेली ज्योत चेतवायची, आटलेली विहीर भरायची, दगडात प्राण आणायचा. वसंतोत्सवाला राजासमोर परीक्षा होती. पोथी उघडण्याआधी ती रोज वडाखाली जाई.

"पिंगळेबुवा, आजची वेळ कशी?"

"बरी आहे. उद्याची मात्र सुरेख आहे."

हेच ऐकायला तर ती जात असे.

एके सकाळी आचार्य भवदत्त आसनावरून उठले नाहीत.

"आचार्य, उठत का नाही?"

"उठायला पाय लागतात, मुली." त्यांनी शाल बाजूला केली. कमरेखाली काळा पाषाण होता. "तुला शिष्या केले तेव्हा तुझ्या अभ्यासाला मी जामीन राहिलो. टाळलेला पाठ गुरूच्या अंगावर दगड होऊन चढतो. परीक्षेपर्यंत पाठ पुरे झाले नाहीत, तर दगड कायमचा."

"आधी का सांगितलं नाहीत?"

"भीतीने पाठ केलेला मंत्र फळत नाही."

इरावती धावत सुटली ती थेट वडाखाली. सवय दुसरे काय करणार?

"आता राहुकाळ आहे," पिंगळा म्हणाला. "उद्या ये."

"उद्या उद्या करता आचार्य दगड होतील," ती म्हणाली आणि वाटी उचलली.

"अगं, ती शुभवेळ मोजायची वाटी आहे."

"आता माझा अभ्यास मोजेल."

ऐन राहुकाळात तिने वाटी पाण्यावर सोडली. पूर्ण पोथीकडे पाहिलेच नाही. वाटी बुडेपर्यंत एक ओळ, एवढाच नेम. वाटी बुडाली की मूठभर लाह्या खायच्या, वाटी पुन्हा सोडायची. मन पळे, पण तरंगणारी वाटी पाहून परत येई.

ज्योत चेतली. विहिरीत पहिल्या खेपेला ताक आले. गावकऱ्यांनी तक्रार केली नाही. दुसऱ्या खेपेला पाणी आले. पण तिसरी विद्या लांबलचक होती आणि मागचे टाळलेले दिवस दगड होऊन चढतच होते. उत्सवाच्या दिवशी आचार्यांना आसनासकट राजासमोर आणले, तोवर त्यांचे ओठही दगड होऊन मिटले होते. मंत्राची शेवटची ओळ अजून कच्ची होती.

"तयारी नसेल तर पुढच्या वर्षी ये," राजा म्हणाला.

क्षणभर तिला तेच हवेसे वाटले. मग तिने हात जोडले. "महाराज, वाटी सोडण्याची आज्ञा असावी."

वाटी भरत होती. ओळ दोनदा चुकली, तिसऱ्यांदा अडखळत पुरी झाली. वाटी बुडाली आणि पाषाणाला घाम फुटला. आचार्यांनी डोळे उघडले.

"चौथ्या शब्दावर अडखळलीस."

"हो, आचार्य." तिने त्यांच्या पायांवर डोके टेकवले. पाय उबदार होते. त्या उबेचे उपकार ती जन्मभर विसरली नाही.

राजाने फर्मान काढले: विद्येला मुहूर्त नाही. शाळेत प्रत्येक मुलासमोर वाटी आली आणि ती बुडाली की हाक द्यायचे काम पिंगळ्याला मिळाले. पिंगळाही खूश झाला. उद्याचे ओझे त्यालाही जड झाले होते.

इरावतीची वाटी भरली, आपली कहाणी काठाला लागली.