भोरक्याची दुसरी झुंज

माणसानं रानात पहिली वाट पाडली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. भोरक्या नावाचा तरणा गवा डोंगऱ्या नावाच्या दांडग्या गव्याकडून झुंजीत हरला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा भिडायचं ठरलं.

"नुसतं बळ वाढवून भागायचं नाही," भोरक्याच्या पाठीवरचे गोचीड टिपत बगळा म्हणाला. "तो डावं शिंग कधी घालणार, ते आधी ओळखायला शीक."

भोरक्या शिकायला लागला. तो डोंगऱ्याच्या पावलांवर पाऊल टाकून चालायचा, त्याच्याच चिखलात लोळायचा, त्याच्यासारखी मान तिरकी करून त्याच्यासारखाच फुसफुसायचा. पावसाळा सरता सरता बगळा त्याच्या पाठीवर बसेनासा झाला. "तुझी मला भीती वाटते रे," एवढंच म्हणून तो उडून गेला. भोरक्याला वाटलं, तयारी झाली.

झुंज फार वेळ चाललीच नाही. डोंगऱ्याच्या मनात धडक यायच्या आधीच भोरक्या बाजूला झालेला असायचा. शेवटी डोंगऱ्या थरथरत मागे सरला आणि वळून न बघता पळत सुटला.

धुक्यातून भोरक्या आपल्या कळपाकडे आला. माद्यांनी वासरांना मध्ये घेतलं आणि शिंगं त्याच्यावर रोखली.

"आई, मी जिंकलो!" तो म्हणाला.

त्याची म्हातारी आई पुढे आली. तिनं त्याला हुंगलं, पुन्हा एकदा हुंगलं.

"डोंगऱ्या," ती म्हणाली, "माझ्या पोराला कुठं टाकून आलास?"