दोन तालमींचा एक शड्डू

गोष्ट फार जुनी आहे, पण तिच्यातला घोळ कालपरवाचाच वाटावा इतका ताजा आहे. एका गावात एक नव्हे, दोन तालमी होत्या. एक वरच्या आळीची, एक खालच्या आळीची. वरच्या तालमीत एक धिप्पाड पैलवान होता, त्याला सगळे पहाड म्हणत. खालच्या तालमीत एक चपळ पैलवान होता. धरला म्हणेपर्यंत निसटायचा, म्हणून त्याचं नाव पडलं पारा. एकेकट्यानं लढायचं असेल तर पंचक्रोशीत दोघांना तोड नव्हती.

त्या मुलखात जत्रेला जोडकुस्ती व्हायची. एक जण आखाड्यात लढायचा आणि त्याचा जोडीदार कडेच्या रेघेबाहेर उभा राहायचा. आतला दमला की त्यानं बाहेरच्याला हात द्यायचा, म्हणजे टाळीसारखा हातावर हात मारायचा. मग बाहेरचा आत जायचा आणि आतला बाहेर यायचा. जी जोडी जिंकेल तिच्या गावच्या मारुतीपुढे वर्षभर मानाची गदा. ही गदा कधीची शेजारच्या गावात जाऊन बसली होती. गावानं ठरवलं, पहाड आणि पाऱ्याची जोडी करू, गदा आपल्या पायांनी चालत येईल.

गदा काही आली नाही.

शेजारच्या गावची जोडी म्हणजे दोन मेहुणे होते. एक ढेरपोट्या, दुसरा काडीपैलवान. त्यांना पाहून पहाडाला हसूच आलं होतं. त्या दोघांना लढताना तोंड मिटणं माहीत नव्हतं. ढेरपोट्या आतून ओरडायचा, ‘अहो दाजी, या की, मेलो मी.’ आणि दाजी ओरडायचे, ‘तंगडी धर त्याची, तंगडी, मग येतो.’ पैलवानाला शोभणारं असं त्यात काही नव्हतं. आमचे दोघे मात्र तोंडातून अवाक्षर काढत नव्हते. पहाड घामाघूम होऊन झुंजत होता आणि बाहेर उभा असलेला पारा मांडीवर हात आपटून शड्डूवर शड्डू ठोकत होता. केवढा दिलदार जोडीदार आहे, आपलं कौतुक करतोय, असं वाटून पहाडाला आणखी चेव यायचा. तो आणखी झुंजायचा. शेवटी त्याच्या पायांतलं बळच गेलं आणि त्या काडीनं त्याला चीतपट केलं.

कुस्ती संपल्यावर पारा त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. कपडे उचलले आणि चालू पडला. पहाड बघतच राहिला. शड्डू ठोकून कौतुक करणारा माणूस लगेच तोंड का फिरवतो, हे त्याला काही केल्या कळेना.

पुढच्या जत्रेत तर भलतंच झालं. या खेपेला पारा आधी आत गेला. त्यानं ढेरपोट्याला असा उचलून आपटला की पहाडाला राहवलं नाही, त्यानं बाहेरून खणखणीत शड्डू ठोकला. तर पाऱ्यानं हाताशी आलेली कुस्ती सोडली, धावत कडेला आला आणि हात देऊन मोकळा झाला. पहाड गोंधळून आत गेला. हा गडी इतक्यात दमला? की अंगचोर आहे? या विचारात तो असताना ढेरपोट्यानं त्याचे पाय ओढले आणि त्याला चीत केला.

बघ्यांचीही तीच गत होती. पहाड आत असला की वरची आळी ओरडायची आणि खालची आळी चुरमुरे खात बसायची. पारा आत गेला की चुरमुरे वरच्या आळीकडे जायचे. ही जोडी आपली आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

पहाडानं आपल्या वस्तादांना विचारलं, आमचं चुकतंय कुठं? वस्ताद म्हणाले, जोर वाढव, दूध वाढव. पाऱ्याच्या वस्तादांनीही पाऱ्याला हेच सांगितलं असं कळलं. दोघांनी जोर वाढवले, दूध वाढवलं. गावातल्या म्हशी तेवढ्या हैराण झाल्या. पाऱ्यालाच जाऊन विचारावं असं पहाडाच्या मनात पुष्कळदा यायचं. पण जोडीदाराला काय विचारायचं, त्याला आपोआप कळायला हवं, असं म्हणून तो गप्प बसायचा. आतून मात्र तो खचला होता. आपल्यातच खोट आहे असं त्याला वाटू लागलं. यंदा हरलो तर लंगोट कायमचा खुंटीला टांगायचा, असं त्यानं मारुतीपुढे सांगून टाकलं. कुस्तीवाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं.

जत्रा जवळ आली. आखाड्याची माती खणून, ताक, तेल, हळद घालून मऊ करायची असते. गावानं ते काम या जोडीलाच दिलं. फावडं एकच होतं, ते पहाडानं घेतलं आणि खणायला लागला. पारा कडेला उभा होता. थोड्या वेळानं त्यानं शड्डू ठोकला. पहाडाला बरं वाटलं, त्यानं जोर लावला. पाऱ्यानं पुन्हा ठोकला. पहाडानं आणखी जोर लावला. दुपार झाली, अर्ध्याहून जास्त आखाडा खणून झाला आणि पहाड धापा टाकत मातीत बसला.

पारा लालबुंद झाला होता. तो म्हणाला, “कुस्तीत हात देत न्हाईस ते न्हाईस. आता फावडंबी देईनास?”

पहाडानं तोंड वर केलं. “तूच म्हनत हुतास की, चालू दे.”

“मी कवा म्हनलो?”

“शड्डू ठोकलास न्हवं?”

“शड्डू म्हंजे मी तयार हाय. हात दे, मला आत घे. आमच्या तालमीत पोरासोरालाबी ठावं हाय.”

“आमच्या तालमीत शड्डू म्हंजे शाब्बास, चालू दे.”

पहाडाला आधी हसू आलं आणि मग वाया गेलेल्या कुस्त्या आठवून रडूच आलं. ज्याला तो अंगचोर समजत होता, त्यानं जिंकलेली कुस्ती निव्वळ याच्या इच्छेखातर सोडली होती. आणि पारा याला हावरट समजत होता. पाऱ्यानं फावडं उचललं आणि उरलेली माती खणली. यापुढे शड्डू बंद, काय हवं ते तोंडानं बोलायचं, असं ठरलं.

जत्रेच्या दिवशी दोघं मेहुण्यांसारखेच ओरडत लढले. ‘घे मला आत’, ‘थांब जरा’, ‘आता ये’. दोन्ही आळ्यांना आधी मजा वाटली आणि मग तेही ओरडू लागले. चुरमुरे तसेच राहिले. अखेर पाऱ्यानं काडीपैलवानाला खाली घेतला. त्याची पाठ मातीला टेकायला बोटभर जागा उरली होती. ते पाहून पहाडाला भान राहिलं नाही आणि त्याचा हात मांडीवर पडला. शड्डू घुमला.

पारा थबकला. पकड न सोडता त्यानं मान वळवली आणि सगळ्या जत्रेदेखत विचारलं, “हात देऊ, का चालू ठेवू?”

वरची आळी पहाडाला म्हणू लागली, जा आत, शेवट तू कर, नाव तुझं होईल. लंगोट खुंटीला टांगायची वेळ आलेल्या माणसाला याहून सोपी संधी कुठली? नुसतं ‘दे’ म्हणायचं होतं. पहाडाच्या ओठांवर तो शब्द आलाही होता.

पण तो ओरडला, “चालू ठेव. चुकून वाजला माझा.”

पाऱ्यानं काडीपैलवानाची पाठ मातीला लावली. दोन्ही आळ्या आखाड्यात घुसल्या. ढेरपोट्यानं स्वतः गदा आणून दिली आणि वर दाजींना चार शब्दही सुनावले. आनंदाच्या भरात पहाडानं असा शड्डू ठोकला की कबुतरं उडाली.

तो आवाज ऐकताच पारा गर्दी बाजूला सारत धावत आला आणि सवयीनं त्यानं हात पुढे केला. कुस्ती तर केव्हाच संपली होती. पहाडानं तो हात घेतला आणि लवकर सोडला नाही.

तात्पर्य लहानांना सांगायचं खरं, पण मोठ्यांनी ते आधी ऐकावं: सोबत्याच्या मनातलं आपल्याला कळलंच आहे असं धरून बसू नये. न कळलं तर विचारावं आणि कुणी विचारलं तर खरं सांगावं.